वाजतंय का?

लातूरच्या माणसाला पाणी आधी कानाला कळतं. नळ सुटायच्या आधी पाइपातून हवा येते. तिचा खोकल्यासारखा आवाज आला की दामिनीची आई दानम्मा तव्यावरची भाकरी तशीच सोडून घागरी लावायला धावायची. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्या उन्हाळ्यात दामिनी कॉलेजात होती. टँकरचा हॉर्न वाजला की म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळी गल्ली कशी उसळते, ते तिनं रोज पाहिलं. पुढं ती चित्रकला शिकली, प्रदर्शनं केली, एकदोन बक्षिसंही मिळाली. पण कागदावर काढलेलं पाणी तिला कधी ओलं वाटलंच नाही. शेवटी तिनं रंग बाजूला ठेवले आणि पाण्यात सोडायचा एक माईक घेतला.

माईक म्हणजे अंगठ्याएवढा काळा गोळा आणि त्याला लांबच लांब वायर. गोळा पाण्यात सोडायचा, वायरीचं टोक गळ्यातल्या रेकॉर्डरला जोडायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि पाण्याच्या पोटात काय चाललंय ते ऐकायचं. ती विहिरींत, तलावांत, मांजरेच्या डोहांत हा गोळा सोडत फिरली. तिचे जुने सर उमाशंकर यांनी लातुरातल्या एका बंद पडलेल्या डाळमिलचं शेड तिच्यासाठी मिळवलं होतं. तिथं पत्र्याच्या मोठाल्या टाक्या पाण्यानं भरायच्या, आत आवाज सोडायचा आणि येणाऱ्यानं टाकीला कान लावून नदी ऐकायची, असं ठरलं होतं. माणूस पाणी पितो, साठवतो, पाण्यावरून भांडतो. पण पाण्यात आपण किती गोंगाट भरून ठेवलाय, ते त्यानं एकदा ऐकावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मोठी नदी मात्र राहिली होती. त्यासाठी ती नांदेडला आली आणि तिथून उमरीकडच्या येळंबा नावाच्या गावात, गोदावरीच्या काठी, कावेरीबाईंच्या घरी उतरली.

कावेरीबाई मासे धरणाऱ्या. नवरा पिराजी वारल्यावर होडी त्यांनीच चालवली, मुलाला, माउलीला, वाढवलं. पण नदीत वाळूची बोट आली तेव्हापासून जाळ्यात मासा येईना, आणि शेवटी माउलीच त्या बोटीवर कामाला लागला. लोखंडी बोट, तिच्यावर डिझेल इंजिन, इंजिनावर पंप आणि पंपाचा मांडीएवढा जाड पाइप थेट तळाशी. खाली पाइपाचं तोंड वाळूत धरायला माणूस लागतो. तोंडात हवेची नळी आणि कमरेला दोरी बांधून माउली ते काम करायचा. वाळू काढायला परवानगी नव्हती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

पहिल्या दिवशी दामिनीनं लांबूनच माईक सोडला. बोट नदीच्या वळणापलीकडं होती, दिसतही नव्हती. तरी हेडफोनमध्ये इंजिनाची घरघर अशी भरून आली, की तिचा जबडा ठणकायला लागला. तिनं हेडफोन कावेरीबाईंच्या कानांना लावले. बाईंनी जरासं ऐकलं आणि दोन्ही हातांनी ते ओढून काढले.

"अगं माय! खाली असं हाय?"

"हो मावशी. वर आपल्याला एवढं जाणवत नाही. पाण्यात आवाज लांबवर जातो."

"मग मासा कामून ऱ्हाईल इथं? म्या बी न्हाई ऱ्हानार." त्यांनी चारदोन वल्ही मारली. मग म्हणाल्या, "माउली तर ह्याच्या बुडाशीच असतोय."

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी दामिनीला बजावलं, "पडक्या घाटापर्यंत येते. त्याच्या फुडं न्हाई. फुडं त्यायची मानसं असतात, आन् माझं लेकरू त्यायच्या हाताखाली हाय."

दामिनीनं मान हलवली. पण घाट आला तसा तिचा हात पुढं झाला. तिला पाइपाच्या तोंडाचा आवाज हवा होता. वाळू ओढली जाताना तळ कसा ओरडतो, ते ऐकायचं होतं. "थोडंच मावशी, त्या बाभळीपर्यंत." बाभळ गेली. "अजून थोडंसं." कावेरीबाईंनी नाइलाजानं वल्हं मारलं, आणि वळण ओलांडताच बोट समोर आली. काळी, गंजलेली, धूर ओकणारी. मागच्या बाजूनं वाळूमिश्रित पाण्याचा लोट काठावरच्या खड्ड्यात पडत होता.

बोटीवर दोघं होते. एक मुकादम गुंडप्पा, देगलूरकडचा, जाडजूड, कपाळावर भस्माचे पट्टे. दुसरा बुद्धप्रिया. तो आणि माउली आळीपाळीनं खाली जायचे. जो वर असेल त्यानं दुसऱ्याची दोरी धरायची. आत्ता दोरी बुद्धप्रियाच्या मनगटाला गुंडाळलेली होती, आणि तो होडीकडं टक लावून बघत होता. गुंडप्पाही उठून उभा राहिला. इंजिनाच्या धडधडीत त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण हात परत जा म्हणून सांगत होते.

"चल, फिरवते होडी," कावेरीबाई म्हणाल्या.

"एकच मिनिट," दामिनी म्हणाली.

कारण तिच्या कानांत काहीतरी निराळं आलं होतं. घरघरीच्या आत, खोल कुठंतरी, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं. ठक, ठक, ठक. मग थांबा. पुन्हा ठक, ठक, ठक. पाइपाचा एखादा जोड सैल झाला असेल, तिला वाटलं. तिनं डोळे मिटले. त्या भयाण घरघरीला जणू कुणी ताल धरला होता. एवढ्या दिवसांत असा आवाज तिला मिळाला नव्हता. तिच्या ओठांवर हसूसुद्धा आलं.

मग ताल बिघडला. ठोके एकदम घाईनं पडले, एकात एक अडकले, थांबले. बऱ्याच वेळानं एक पडला. मग लागोपाठ चार.

दामिनीनं डोळे उघडले. यंत्र असं वाजत नाही. यंत्राला घाई होत नाही, यंत्र दमत नाही.

"मावशी, आत्ता खाली कोण आहे?"

"माउली. का गं?"

"काम करताना तो पाइपावर काही ठोकतो का?"

"कशाला ठोकंल? काय लागलं तर दोरी वढतोय." कावेरीबाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांचं वल्हं थांबलं. "काय ऐकून राहिलीस तू?"

दामिनीनं हेडफोन काढून त्यांच्या कानांना लावले. बाईंना आधी नुसती घरघर ऐकू आली असावी. मग त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी हेडफोन तिच्या मांडीवर टाकले आणि होडी सरळ बोटीवर घातली.

"ए, कॅमेरा बंद करा!" गुंडप्पा कठड्यापाशी येऊन ओरडला. "कावेरीबाई, कुनाला आनलंय? तुमाला सांगितलं व्हतं ना!"

"दोरी वढ!" कावेरीबाई बुद्धप्रियाकडं बघून किंचाळल्या. "माउलीची दोरी वढ!"

"काय झालं?"

"आरं वढ म्हन्ते ना!"

बुद्धप्रियानं दोरी ओढली. ढिली दोरी थोडी वर आली आणि ताठ झाली. त्यानं दोन्ही पाय रोवून पुन्हा ओढली. दोरी एखाद्या झाडाला बांधल्यासारखी जागची हलेना. 

"आडकली. दोरी वाळूखाली गेली."

"तो पाइपावर ठोकतोय," दामिनी ओरडली. तिनं हेडफोन पुन्हा कानांवर चढवले होते. "जिवंत आहे. पंप बंद करा! आधी पंप बंद करा!"

गुंडप्पा इंजिनाकडं वळला, तसा बुद्धप्रिया त्याच्या अंगावरच धावला. "इंजिन नगं! हवा बी त्याच्यावरच हाय! इंजिन बंद झालं की हवा बंद!"

खरंच होतं ते. एकाच इंजिनावर दोन पट्टे होते. एक पंपाला जायचा, दुसरा हवेच्या कॉम्प्रेसरला. पंप चालू राहिला तर तळाचा खड्डा खोल होत जाणार आणि कडेची वाळू माउलीच्या अंगावर आणखी ढासळणार. इंजिन थांबवलं तर त्याचा श्वास थांबणार. चालत्या इंजिनावरून एकच पट्टा उतरवायचा होता.

गुंडप्पानं कोपऱ्यातली लाकडी बल्ली उचलून पट्ट्याखाली घातली आणि जोर दिला. बल्ली निसटली. दुसऱ्यांदाही निसटली. तिसऱ्यांदा त्यानं बल्ली टाकली, शर्ट काढून हाताला गुंडाळला आणि पळता पट्टा तळहातानंच बाहेर रेटला. पट्टा उडाला. गुंडप्पा हात पोटाशी धरून खाली बसला. शर्टातून रक्त ठिबकत होतं.

हेडफोनमधली घरघर एकदम निम्मी झाली. आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत ठोके स्वच्छ ऐकू आले. दुबळे, पण स्वच्छ.

बुद्धप्रियानं उडी मारली. तो वर आला तेव्हा धापा टाकत होता. "कड ढासळलीया. छातीपर्यंत गाडलाय. एकच हात मोकळा हाय. हातात पाना हाय, त्यानं ठोकून राहिला." एवढं बोलून तो पुन्हा खाली गेला. दामिनी काही म्हणायच्या आत कावेरीबाईंनी पदर कमरेला खोचला आणि त्याही पाण्यात शिरल्या.

खाली दिसत काहीच नव्हतं. हातांनी चाचपायचं, वाळू मागं लोटायची, दम संपला की वर यायचं. ते दोघं आळीपाळीनं वर येत होते, कठड्याला धरून दोन श्वास घेत होते आणि पुन्हा जात होते. दामिनी एका हातानं बोटीचा कठडा आणि दुसऱ्या हातानं माईकची वायर धरून बसली होती. खालच्या माणसाचं काय चाललंय हे त्या सगळ्यांत तिला एकटीलाच कळत होतं.

कावेरीबाईंचं डोकं पाण्याबाहेर आलं. "वाजतंय का?"

"वाजतंय मावशी."

त्या गेल्या. पुन्हा वर आल्या. केस तोंडावर चिकटलेले, ओठ निळे पडलेले. "वाजतंय का गं?"

"वाजतंय. जा!"

मग एक ठोका पडला. त्यानंतरचा पडायला इतका वेळ लागला, की तोवर दामिनीनं स्वतःचाही श्वास धरून ठेवला होता. तो पडला. त्यानंतर काही आलं नाही. तिनं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले. कॉम्प्रेसरची टुकटुक होती, वाळू खरवडणारे हात होते, बुडबुडे होते. ठोका नव्हता.

बुद्धप्रिया वर आला आणि कठड्यावर मान टाकून तसाच राहिला. त्याच्या छातीचा भाता झाला होता. त्याच्या शेजारी कावेरीबाई वर आल्या. "वाजतंय का?" त्यांचा आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ हलले. तिघंही तिच्याकडं बघत होते. हात पोटाशी धरून बसलेला गुंडप्पासुद्धा.

"वाजतंय," दामिनी म्हणाली. "जोरात वाजतंय. लवकर करा!"

बुद्धप्रियानं कठडा सोडला. पाठोपाठ कावेरीबाई.

 आपण काय बोललो ते दामिनीला ऐकू आलं होतं, आणि आता जे ऐकू येत होतं त्यात माणूस कुठंच नव्हता. पाणी तेवढं हलत होतं. मग खालून एक लांब, ओला, फाटल्यासारखा आवाज आला, वाळूनं काहीतरी सोडून दिल्यासारखा. आणि बोटीच्या पलीकडच्या बाजूला तीन डोकी वर आली. त्यातलं मधलं एका बाजूला कललेलं होतं.

माउलीला त्यांनी काठावर ओढलं. तोंडातली नळी निसटली होती. बुद्धप्रियानं त्याच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. कावेरीबाई त्याचं तोंड पुसत होत्या, त्याला हाका मारत होत्या, शिव्याही देत होत्या. बऱ्याच वेळानं त्याच्या नाकातोंडातून पाणी आलं, मग खोकला आला, आणि मग श्वास आत ओढल्याचा असा आवाज आला की कावेरीबाई मटकन खाली बसल्या. उजवा पाय गुडघ्याखाली विचित्र वळला होता. पण श्वास चालू होता.

माउलीला न्यायला ट्रॅक्टर येईपर्यंत वाळू भरणारी माणसं भोवती जमली. गुंडप्पा त्यांच्यातून वाट काढत दामिनीपाशी आला.

"मॅडम, ते यंत्र हितं द्या."

"यात फोटो नाहीत. नुसता आवाज आहे. पाण्याखालचा."

"काय बी असंल. बोटीच्या शेठला समजलं तर माझं काय खरं न्हाई. द्या."

त्यानं चांगला हात पुढं केला. दामिनीनं रेकॉर्डर छातीशी धरला.  ही माणसं मनात आणलं तर काय करू शकतात, ते तिला नांदेडला उतरल्यापासून चार जणांनी सांगितलं होतं. गुंडप्पानं वायरीला हात घातला आणि ओढली.

"गुंडप्पा." माउलीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या कावेरीबाई तिथूनच बोलल्या. आवाज चढलेला नव्हता. "त्या यंत्रामुळं माझं लेकरू वर आलं. त्याला हात लावू नको."

 भोवतीची माणसं गुंडप्पाकडं बघत होती, आणि त्यांच्यातले दोघेतिघे रोज त्याच पाइपाबरोबर खाली जाणारे होते. गुंडप्पानं वायर सोडली. "हे कुटं बी वाजलं नाय पायजे," तो पुटपुटला. त्याच्या हाताचं रक्त वायरीवर राहिलं होतं.

लातूरला परत आल्यावर दामिनीनं ते रेकॉर्डिंग काही दिवस ऐकलंच नाही. शेवटी उमाशंकर सरांना ऐकवलं, तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले.

"दामिनी, सगळ्या प्रदर्शनाचा जीव आहे हा. बाकीच्या टाक्या काढून टाकल्यास तरी चालेल. फक्त ती पंपाची घरघर कमी कर. ठोका लोकांपर्यंत पोचला पाहिजे."

तिनं ते केलं. कॉम्प्युटरवर घरघर पुसत पुसत नेली, तसा ठोका एखाद्या देवळातल्या घंटेसारखा सुटा झाला. अंगावर काटा आला. आणि ते वाजवायचा आपल्याला काय अधिकार, हा प्रश्न त्यापाठोपाठ आला. तिनं येळंब्याची वाट धरली.

माउली नांदेडच्या दवाखान्यातून घरी आला होता. पायाला प्लास्टर, खाटेवर उशाशी पाण्याचा तांब्या. गुंडप्पा येऊन गेला होता. पाय बरा झाला की वर इंजिनावर काम देतो, फक्त गप्प राहा, असं सांगून गेला होता.

दामिनीनं त्याच्या कानांवर हेडफोन ठेवले आणि आधी साफ केलेलं लावलं. माउलीनं कपाळाला आठ्या घातल्या.

"हे कोन हाय?"

"तूच आहेस."

"ह्याऽ. हे म्या न्हाई. इतकं शांत असतं तर म्या कामून ठोकलो असतो ताई? हाक मारली असती की."

मग तिनं जसंच्या तसं लावलं. घरघर सुरू झाली तशी माउलीच्या हाताची मूठ वळली. त्याचा श्वास जड झाला. दामिनी थांबवायला गेली, तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. ठोके संपले तेव्हा तो बुचकळ्यात पडल्यासारखा तिच्याकडं बघत राहिला.

"एवढंच?" तो म्हणाला. "म्या तर लई ठोकलो. हात तुटस्तोवर ठोकलो. मला वाटलं समदा दिवस ठोकून राहिलो."

"दे इकडं," कावेरीबाई म्हणाल्या.

दामिनीला याच गोष्टीची भीती होती. नको म्हणायला कारण नव्हतं. बाईंनी हेडफोन चढवले आणि डोळे जमिनीवर लावून ऐकत बसल्या. घरघर निम्मी झाली असेल तिथं त्यांनी मान हलवली. मग त्यांची बोटं मांडीवर ठोक्यागणिक हलायला लागली. बोटं थांबली. बाई ऐकतच होत्या. पाण्यात शिरणारी, वर जाणारी, पुन्हा शिरणारी अंगं ऐकत होत्या. त्यांनी हेडफोन सावकाश काढले.

"वाजायचं थांबल्यावर म्या वर आले व्हते."

"हो."

"म्या इचारलं व्हतं तुला."

"हो मावशी."

"तू म्हन्लीस जोरात वाजतंय."

 कावेरीबाई उठून दाराबाहेर गेल्या. बाहेर जाळं वाळत घातलं होतं, त्यापाशी उभ्या राहिल्या. माउली छताकडं बघत पडून होता.  बाई आत आल्या तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते.

"बुद्धप्रियाचा दम संपला व्हता त्या टायमाला," त्या म्हणाल्या. "तू न्हाई म्हन्ली असतीस तर तो फिरून गेला नसता. म्या एकलीनं काय केलं असतं? तवा ते बरं केलंस." त्या दामिनीच्या अगदी समोर येऊन बसल्या. "पर माझ्या लेकराबद्दल खोटं माझ्या तोंडावर पुन्ना कदी बोलू नको. कदीच."

"नाही बोलणार."

"हं. आता च्या पी."

निघताना माउलीनं तिला थांबवलं. "वाजवा तुमी. गुंडप्पाला काय म्हनायचं ते म्हनू द्या. माझं नाव नगं, गावाचं बी नगं. आन् ती घरघर काढू नका त्याच्यातली."

डाळमिलच्या शेडमध्ये टाक्या लागल्या. विहिरीची, तलावाची, मांजरेच्या डोहाची, आणि सगळ्यात आत, उजेड कमी असलेल्या कोपऱ्यात, गोदावरीची. उमाशंकर सर शेवटपर्यंत कुरकुरले. लोकांना नुसती घरघर ऐकू येईल, म्हणाले. झालंही तसंच. पुष्कळ लोक टाकीला कान लावायचे, तोंड वाकडं करायचे आणि पुढं जायचे. काही मात्र थबकायचे. कान टाकीवरून सरकवत सरकवत एका जागी थांबायचे, आणि मग आत कुणीतरी ठोकतंय, हे त्यांच्या चेहऱ्यावर यायचं. दामिनीची आई दानम्मा आली तेव्हा ती टाकीपासून हलेचना.

"काय करायलीस गं अव्वा? बाकीच्या टाक्या बघ की."

"आधी सांग, ह्याला वर काढलं का?"

"काढलं."

"खरं सांगायलीस?"

"खरं."

तेव्हा कुठं ती बाजूला झाली.

शेवटच्या दिवशी, दुपारच्या सुमारास, गुंडप्पा आला. सोबत कुणी नव्हतं. दामिनीनं त्याला दारातच ओळखलं. शेडमध्ये त्या वेळी दोघंतिघंच होते. तो भिंतीवरची प्रत्येक पाटी बोट फिरवून वाचत आला. गावाचं नाव शोधत होता, हे उघड होतं. ते सापडलं नाही. मग तो कोपऱ्यातल्या टाकीपाशी गेला आणि त्यानं कान लावला.

तो बराच वेळ तसा उभा होता. दामिनी जवळ गेली. टाकी आडवी करायला त्याचा एक धक्का पुरे होता.

"ह्याच्यात हाय का ते?" त्यानं विचारलं. इंजिनापाशी उभं राहून राहून मोठ्यानंच बोलायची सवय लागलेली. शेडमधले लोक वळून बघायला लागले.

"यातच आहे."

"मला तर पंपच ऐकू येतोय." त्यानं दुसरा कान लावला. "कुटं हाय त्यो? मला काय ऐकू येईना मॅडम. रोज इंजिनावर असतो मी. कान गेले माझे."

तो खोटं बोलत नव्हता. कान दाबून दाबून लाल झाला होता, आणि चेहऱ्यावर राग नव्हता, भलतंच काहीतरी होतं. दामिनीनं क्षणभर विचार केला. मग म्हणाली, "कान काढा. हात ठेवा इथं. नाही, पूर्ण तळवा."

त्यानं डावा हात ठेवला. टाकीचा पत्रा घरघरीनं थरथरत होता. दोघं वाट बघत राहिले. ठोका आला तसा गुंडप्पाचा हात चटका बसल्यासारखा मागं गेला.

"बंद करा हे," तो म्हणाला.

"नाही करणार."

"मी सांगतोय, बंद करा."

"माउलीनं वाजवा म्हणून सांगितलंय. त्यानं बंद करा म्हटलं तर करीन. तुमच्या सांगण्यावरून नाही."

गुंडप्पा तिच्याकडं बघत राहिला. तिनं नजर हलवली नाही. मग त्यानं मान खाली घातली. "शिवा, शिवा," असं काहीसं पुटपुटला आणि हात पुन्हा पत्र्यावर ठेवला. या वेळी काढला नाही. आत ठोके घाईवर आले, अडखळले, विरळ झाले. शेवटच्या ठोक्यानंतरही तो उभाच होता, पुढचा यायची वाट बघत.

"थांबलं का?" त्यानं विचारलं.

"थांबलं," दामिनी म्हणाली.

"तुमी तर तवा वाजतंय म्हन्लात."

"हो."

गुंडप्पानं हात काढला, धोतराला पुसला आणि आला तसा निघून गेला. येळंब्याला वाळूची बोट पुढंही चालूच राहिली. माउली मात्र पुन्हा तिच्यावर गेला नाही, खालीही नाही आणि वरच्या इंजिनावरही नाही. लंगडत का होईना, आईच्या होडीत बसायला लागला. बुद्धप्रियानं फोनवर दामिनीला एवढंच कळवलं, की गुंडप्पा आता मधूनमधून पंपाचा पट्टा उतरवायला लावतो, शेठची माणसं ओरडली तरी. आणि पंप थांबला की पाइपाला हात लावून बसतो.